सिन्नरच्या मापाची सीडी

सिन्नरचा इतिहास सांगायला बसलेला माणूस गोंदेश्वरापासून सुरुवात करतो. सेऊणदेशाचे यादव, मग डुबेऱ्यात जन्मलेला थोरला बाजीराव, मग विडीचे कारखाने, मग मुसळगाव आणि माळेगावच्या औद्योगिक वसाहती. माझ्या धंद्याचा इतिहास मात्र कॅलिफोर्नियात, अर्व्हाइन गावच्या एका मेक्सिकन हॉटेलात सुरू होतो. हॉटेलचं नाव एल टोरिटो. कॉम्प्युटर चालू होताच सगळ्यात आधी चालणारा बायोस हा प्रोग्राम बनवणाऱ्या फिनिक्स कंपनीची आणि आयबीएमची माणसं तिथं जेवता जेवता बोलली असं सांगतात, आणि सीडीवरून कॉम्प्युटर सुरू कसा करायचा याचा आराखडा जानेवारी १९९५ मध्ये बाहेर पडला तेव्हा त्याला हॉटेलचंच नाव चिकटलं. आमच्याकडे गोष्टी चहाच्या टपरीवर ठरतात म्हणून नावं ठेवणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगतो.

आराखडा साधा आहे. सीडीवर २०४८ बाइटांचे सेक्टर असतात. शून्यापासून मोजत गेलं की सोळाव्यावर सीडीचं नाव-गाव, आणि सतराव्यावर एक छोटी नोंद: बूटची यादी अमुक सेक्टरवर ठेवली आहे. बायोस ती नोंद वाचतो, त्या जागेवर जातो, यादीत दाखवलेला प्रोग्राम मेमरीत घेतो आणि पुढचा कारभार त्याच्या हवाली करतो. ही नोंद नसेल तर सीडीवर अख्खी विंडोज असूनही कोरा कॉम्प्युटर तिच्याकडे ढुंकून बघत नाही. फोल्डर जसंच्या तसं कॉपी करून राईट केलेली सीडी चालत का नाही, हे गिऱ्हाइकाला समजावण्यात माझे बरेच चहा गेले आहेत.

मी बसस्टँडच्या बाजूच्या गाळ्यात १९९८ पासून बसतो. असेंबल करणे, रिपेअर करणे, फॉरमॅट मारणे, विंडोज टाकणे. यातलं शेवटचं काम सगळ्यात जास्त. त्यासाठी मी वेळोवेळी ज्या सीड्या बनवल्या त्यांवर कंपनीने दिलेल्यापेक्षा जास्तीचं काय घातलं एवढं जरी पाहिलं, तरी त्या त्या साली सिन्नरात काय नव्हतं याची यादी तयार होते. नेट नव्हतं, वीज नव्हती, मराठी नव्हतं. मायक्रोसॉफ्टच्या रेडमंडला बसून विंडोज लिहिणाऱ्यांनी पहिल्या दोन गोष्टी गृहीत धरल्या होत्या आणि तिसरी ऐच्छिक ठेवली होती.

सुरुवात फ्लॉपीची. विंडोज ९८ ची ओईएम, म्हणजे नव्या कॉम्प्युटरबरोबर येणारी, सीडी स्वतः बूट व्हायची, पण दुकानात डब्यातून विकत मिळणारी बहुतेक होत नसे, आणि गावात फिरणाऱ्या कॉपीच्या कॉपीला तर बूटचा पत्ताच नसायचा. म्हणून आधी फ्लॉपी घालायची, मग सीडी. विंडोज स्वतः जी 'स्टार्टअप डिस्क' बनवून द्यायची तिच्यात ओक कंपनीचा सीडी-ड्राईव्हचा ड्रायव्हर असे, जो जवळजवळ कुठल्याही ड्राईव्हवर चालायचा. त्या एका छोट्या फाईलवर देशभरातले असेंबलवाले जगले. पण तीच डिस्क मेमरीत दोन एमबीचा एक तात्पुरता ड्राईव्ह उभा करायची आणि त्यामुळे सगळी अक्षरं एकाने सरकायची. सीडी 'डी' वर शोधावी तर ती 'ई' वर. नवशिका पोरगा दहा मिनिटं 'डी कोलन' मारत बसायचा आणि मग सीडी खराब आहे असं जाहीर करायचा.

म्हणून पहिली काटछाट तिथं झाली. कॉन्फिग डॉट सिस मधून रॅमड्राईव्हची ओळ काढली, रिकाम्या जागेत स्मार्टड्राईव्ह टाकला, एफडिस्क आणि फॉरमॅट ठेवले, आणि ऑटोएक्झेकच्या शेवटी एक ओळ लिहिली की सीडीवरचं विन९८ फोल्डर आधी हार्डडिस्कच्या 'डी' ला कॉपी कर आणि मग तिथूनच सेटअप चालव. स्कॅनडिस्क वगळायला सेटअपपुढे 'आयएस' हा स्विच. फोल्डर हार्डडिस्कवर ठेवण्याचं कारण वेगळं. विंडोज ९८ ला नवा प्रिंटर जोडला की ती मूळ सीडी मागायची, आणि गिऱ्हाईक ठाणगाव, नाहीतर वावीचं. सीडीसाठी त्याला एसटीने सिन्नरला यायला लावणं बरं दिसत नसे. ती फ्लॉपी म्हणजे आमच्या तालुक्यासाठी बेतलेली पहिली बूट डिस्क, आणि तिच्यात फक्त काही ओळी बदललेल्या होत्या.

फ्लॉपीला धूळ सोसत नाही आणि सिन्नर तालुक्यात धुळीची कमतरता नाही. एकाच फ्लॉपीच्या चार-चार प्रती काढून ठेवायच्या, त्यातली एक तरी वाचली जायची. सीडी रायटर घेतला तेव्हा ही कटकट संपली. एल टोरिटोत एक सोय आहे: सीडीच्या आत १.४४ एमबीची फ्लॉपीची नक्कल ठेवली की बायोस तिलाच 'ए' ड्राईव्ह समजतो. म्हणजे आमची ती घासून-पुसून तयार केलेली फ्लॉपी जशीच्या तशी इमेज करून सीडीच्या पोटात घालायची. नीरोमध्ये नवीन सीडीचा प्रकार 'बूट' निवडायचा, इमेज दाखवायची, राईट मारायचं. पहिली सीडी फ्लॉपीविना उठली तेव्हा शेजारच्या झेरॉक्सवाल्याला बोलावून दाखवली होती. त्याला त्यात विशेष काय ते कळलं नाही.

या विद्येत आमच्या आधी जे गेले त्यांच्यात एक नाव मला घ्यायचं आहे, अतुल चिटणीस यांचं. जन्म जर्मनीतला, वाढले आणि शिकले बेळगावात, काम केलं बंगलोरात, २०१३ साली गेले. पीसीक्वेस्ट मासिकाबरोबर लिनक्सची सीडी फुकट वाटायची मोहीम त्यांनी १९९६ मध्ये सुरू करून दिली. ज्या काळात लिनक्स नेटवरून उतरवायची म्हणजे फोनचं बिल घर विकून भरावं लागलं असतं, त्या काळात ती मासिकाच्या किमतीत नाशिकरोड स्टेशनच्या स्टॉलवर मिळायची. पुढे ही मंडळी रेड हॅटसारख्या परदेशी सीडीची नुसती नक्कल काढत बसली नाहीत. काय ठेवायचं, काय गाळायचं, सेटअपमध्ये कुठला पर्याय आधीच निवडलेला असावा हे ठरवून 'पीसीक्यू लिनक्स' नावाने ती आपल्याकडच्या वाचकासाठी बेतली जाऊ लागली. मी लिनक्सवर कधी धंदा केला नाही. पण इन्स्टॉलेशनची सीडी ही देवाची मूर्ती नसून ती उघडता येते, आतलं बदलता येतं आणि पुन्हा बंद करता येते, हा धीर मला त्या सीड्यांनी दिला.

विंडोज एक्सपी ऑक्टोबर २००१ मध्ये बाजारात आली आणि आमच्याकडे रुळायला वर्ष-दीड वर्ष लागलं. तिच्या सीडीला फ्लॉपीची नक्कल लागत नव्हती, बूटची रीतच निराळी होती. आणि गंमत म्हणजे ती सीडी बदलायची विद्या त्याच सीडीवर होती. सपोर्ट फोल्डरात टूल्स, टूल्समध्ये डिप्लॉय डॉट कॅब. ती फाईल उघडली की आत सेटअप मॅनेजर नावाचा प्रोग्राम आणि इंग्रजीतली मदतीची जाडजूड पोथी. हजारो कॉम्प्युटर असलेल्या कंपन्यांसाठी ते लिहिलेलं होतं. एका टेबलावर चालणाऱ्या दुकानात कोणी ते वाचेल अशी लिहिणाऱ्याची कल्पना नसावी. मी ते डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचलं.

का वाचलं, तर विजेपायी. २००५ च्या पुढची ती वर्षं ज्यांनी ग्रामीण महाराष्ट्रात काढली त्यांना लोडशेडिंग म्हणजे काय ते सांगायला नको. लाईट कधी येणार आणि किती वेळ राहणार यावर दुकानाचं वेळापत्रक चालायचं. एक्सपीच्या सेटअपमध्ये निळ्या पडद्यावर फाईली कॉपी झाल्या की दुसरा टप्पा सुरू होतो आणि डाव्या बाजूला लिहून येतं, अंदाजे ३९ मिनिटं बाकी. ती ३९ मिनिटं कधीच ३९ नसायची. मधेच विंडोज थांबून विचारायची: देश कुठला, नाव काय, की टाका, कॉम्प्युटरचं नाव काय, घड्याळ कुठलं, नेटवर्क कसलं. प्रश्न विचारून ती तशीच बसून राहायची. माणूस बाहेर गिऱ्हाइकाशी बोलत उभा राहिला की परत येईपर्यंत काटा होता तिथंच. तेवढ्यात लाईट गेली आणि यूपीएसची बॅटरी उतरली की तो टप्पा पुन्हा पहिल्यापासून. फाईली कॉपी होताना गेली तर सगळंच पहिल्यापासून.

यावर उतारा म्हणजे विनएनटी डॉट एसआयएफ. नोटपॅडमध्ये लिहायची साधी मजकुराची फाईल, सीडीच्या आय३८६ फोल्डरात ठेवायची. सेटअप जे जे विचारणार त्याची उत्तरं तिच्यात आधीच लिहिलेली. भारताचं घड्याळ म्हणजे टाइमझोन १९०. करार मान्य आहे, हो. कॉम्प्युटरचं नाव, तूच ठरव. सीडी राईट करायच्या आधी तपासायचं असेल तर हीच फाईल फ्लॉपीवर घालून 'ए' ड्राईव्हमध्ये ठेवली तरी सेटअप ती उचलायचा. चुकलं तर दुरुस्त करून पुन्हा लावता यायची, ब्लँक सीडी वाया जात नसे. एकदा ही फाईल जमली की सीडी घालायची, सुरुवातीला पार्टिशन दाखवायचं आणि निघून जायचं. लाईटच्या एका फेरीत तीन-तीन डबे ओळीने लावून उठवता यायचे, कारण एकालाही माझी गरज नव्हती.

त्या फाईलीत एक ओळ मात्र मी कधी लिहिली नाही. 'रीपार्टिशन, येस' असं लिहिलं की सेटअप विचारत नाही, पहिल्या डिस्कवरची सगळी पार्टिशनं पुसतो आणि एकच नवं करतो. कंपनीच्या ऑफिसात ते ठीक, तिथं डेटा सर्व्हरवर असतो. आमच्याकडे 'सी' ला विंडोज आणि 'डी' ला पतसंस्थेची दहा वर्षांची टॅली, लग्नाचे फोटो आणि पोराचा प्रोजेक्ट. पार्टिशनच्या प्रश्नाचं उत्तर माणसानेच द्यायचं. माझ्याकडे शिकायला आलेल्या पोरांना पहिला नियम हाच होता.

आता नेटचं. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर नावाचा वर्म आला. ताजी एक्सपी टाकायची, डायल-अप जोडायचं, आणि पॅच उतरवायला जावं तर त्याआधीच मशीनला लागण होऊन बसलेली. पडद्यावर खिडकी येणार, साठ सेकंदांत कॉम्प्युटर बंद होत आहे, आणि आकडा उलटा मोजत जाणार. रन मध्ये 'शटडाऊन' आणि पुढे 'ए' मारला की मोजणी थांबायची. हा मंत्र त्या महिन्यात गावातल्या नेट कॅफेवाल्या पोरांना तोंडपाठ होता. रोग नेटवरून येतो आणि औषधही नेटवरच आहे, हा पेच. मायक्रोसॉफ्टने ऑगस्ट २००४ मध्ये सर्व्हिस पॅक २ काढला तेव्हा त्यात फायरवॉल आपोआप चालू असायची. पण त्याचं वजन २६६ एमबी. सिन्नरचं डायल-अप बरं चालत असलं तर सेकंदाला चार-पाच केबी. हिशेब करा: न तुटता पंधरा ते एकोणीस तास, आणि न तुटता एक तासही ते चालत नसे. बीएसएनएलचं डेटावन ब्रॉडबँड देशात जानेवारी २००५ मध्ये सुरू झालं. आमच्यापर्यंत ते येईतो नाशिकच्या दोस्ताने सीडीवर आणून दिलेला पॅकच खरा.

पण पॅक वेगळ्या सीडीवर असून भागत नव्हतं, कारण आधी जुनी एक्सपी टाका, मग पॅक टाका, यात पुन्हा पाऊण तास आणि पुन्हा लाईटची भीती. म्हणून तो मूळ सीडीतच मुरवायचा. याला स्लिपस्ट्रीम म्हणत, आणि त्याची सोयही कंपनीनेच दिली होती. सीडी हार्डडिस्कवर कॉपी करायची, पॅकच्या फाईलीपुढे तिरकी रेघ, 'इंटिग्रेट' आणि फोल्डरचा पत्ता लिहून एंटर. जुन्या फाईलींच्या जागी नव्या बसतात. मग मूळ सीडीतला बूट सेक्टर काढून तो लावून नवी राईट करायची. यात लोक फसायचे ते बारक्या गोष्टींत. सीडीच्या मुळाशी विन५१, विन५१आयपी अशा नावांच्या काही किरकोळ फाईली असतात. निरुपयोगी समजून त्या उडवल्या की सेटअप मध्यावर येऊन 'सीडी घाला' म्हणतो आणि सीडी तर आतच असते. सर्व्हिस पॅकनंतर त्यांत एसपी२ शेपटीची आणखी एक असावी लागते. दुसरं, आय३८६ मधली बूटफिक्स डॉट बिन. ती काढली तर 'कुठलंही बटण दाबा' हा प्रश्न येत नाही आणि सीडी थेट सुरू होते. नाशिकचे काहीजण ती काढायचे, जलद होतं म्हणून. मी ठेवायचो. गिऱ्हाईक सीडी ड्राईव्हमध्ये विसरणार हे ठरलेलं, आणि मग दर वेळी चालू केलं की सेटअपच पुढे येऊन उभा.

मराठीची कथा मला सगळ्यात जवळची. गावात लग्नपत्रिका, निवडणुकीची पत्रकं आणि पतसंस्थेचे अहवाल श्रीलिपी, आकृती, नाहीतर कृतिदेवमध्ये व्हायचे. एका फाँटात टाईप केलेलं दुसरीकडे उघडलं की गिचमीड. एक्सपीत युनिकोडचं मराठी आलं होतं, पण झाकून ठेवलेलं. कंट्रोल पॅनेलमधल्या भाषांच्या पानावर एक चौकोन असे, 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट आणि उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या भाषा'. म्हणजे देवनागरी आणि अरबी-हिब्रू एकाच टोपलीत. त्यावर खूण केली की विंडोज दहाएक एमबीच्या फाईलींसाठी सीडी मागायची. सीडी दुकानात, मशीन नायगावला. त्यामुळे शेकडो कॉम्प्युटरांत मराठी होतं आणि कोणालाच दिसत नव्हतं, वेबसाईट उघडली की नुसते चौकोन.

सेटअप मॅनेजरच्या पोथीत एक तक्ता होता, भाषागटांचा. एक नंबर पश्चिम युरोप, सात जपानी, बारा हिब्रू, तेरा अरबी, पंधरा भारतीय. विनएनटी डॉट एसआयएफ मध्ये लँग्वेजग्रुप पंधरा आणि कीबोर्डसाठी मराठीचा आकडा ०४४ई, एवढं लिहिलं की विंडोज उठते तीच मराठी घेऊन. खूण नको, सीडी नको, रीस्टार्ट नको. याच्या जोडीला डॉलर-ओईएम-डॉलर नावाचं फोल्डर सीडीवर ठेवता येतं. त्यातलं सामान सेटअप ठरल्या जागी नेऊन टाकतो. त्याच्या पोटातल्या दोन डॉलरच्या फोल्डरात फाँट्स नावाचं फोल्डर केलं की आतले फाँट विंडोजच्या फाँटांत जाऊन बसतात. डीटीपीवाल्यांच्या मशीनवर जे फाँट त्यांच्याकडे परवान्याने असतील ते तिथं, शाळेच्या मशीनवर फुकटातले.

विंडोजबरोबर येणारा मंगल हा फाँट र. कृ. जोशी यांनी रेखाटलेला. कवी, सुलेखनकार, आयआयटी मुंबईत शिकवलेला माणूस. आमच्या पत्रिकावाल्यांना त्याचं काही पडलेलं नव्हतं. त्यांची तक्रार एकच: मंगलमधले 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे, पत्रिकेत चालत नाहीत, वधूपिता परत पाठवतो. तक्रार खरी होती, पण पत्रिकेपुरती. तलाठ्याचा अर्ज, शाळेचा निकाल, पोराचा मेल यांना 'ल' चं वळण आड येत नव्हतं. माझ्या सीडीने उठवलेल्या मशीनवर मराठी चालते आणि दुसऱ्याच्या सीडीने उठवलेल्यावर चालत नाही, ही गोष्ट शिक्षकांमध्ये पसरली, आणि एवढीच जाहिरात मला पुरली.

एमकेसीएलचा एमएस-सीआयटी कोर्स त्याच सुमाराला जोरात आला. सरकारी नोकरीसाठी तो लागणार म्हटल्यावर गावोगाव सेंटरं निघाली. एका खोलीत दहा-वीस एकसारखे कॉम्प्युटर. तिथं सीडीने एकेक बसवणं परवडत नाही, तिथं घोस्ट. न्यूझीलंडच्या एका छोट्या कंपनीचं हे काम, १९९८ मध्ये सिमँटेकने ते विकत घेतलं. एक मशीन नीट लावायचं, त्याची इमेज काढायची आणि बूट होणाऱ्या सीडीवरून बाकीच्यांवर 'मारायची'. मारल्यावर सगळ्या मशीनची नावंही एकच व्हायची आणि नेटवर्क जोडलं की भांडण सुरू, म्हणून आधी सिसप्रेप हे टूल चालवायचं. यावर आणखी लिहिण्यासारखं काही नाही, काम कंटाळवाणं आणि पैसे वेळेवर.

२००६-०७ नंतर लॅपटॉप आले आणि एक्सपीची सीडी सांगू लागली की या कॉम्प्युटरला हार्डडिस्कच नाही. असायची, पण साटा. २००१ च्या विंडोजला नव्या कंट्रोलरची ओळख नव्हती. कंपनीचा उपाय असा की सेटअप सुरू होताच एफ६ दाबा आणि ड्रायव्हरची फ्लॉपी घाला. लॅपटॉपला फ्लॉपी कुठून आणायची? मग तो ड्रायव्हर सीडीत घालावा लागे. टीएक्सटीसेटअप डॉट एसआयएफ उघडून हार्डवेअरच्या नंबरांची भर घालायची: व्हेंडर ८०८६, डिव्हाइस २८२९, त्याला ही फाईल वापर. ८०८६ म्हणजे इंटेल. स्वतःच्या जुन्या चिपचाच नंबर त्यांनी ओळखीला घेतला आहे. हाताने हे करताना एक स्वल्पविराम इकडेतिकडे झाला की सगळं मुसळ केरात. तेवढ्यात क्रोएशियातल्या एकाने लिहिलेलं एनलाइट हे टूल हाती आलं आणि ड्रायव्हर, पॅक, उत्तरांची फाईल, सगळं एका खिडकीत जमू लागलं.

एनलाइटने सोय केली तशी नासाडीही केली. त्यात विंडोजचे भाग काढून टाकता यायचे आणि पोरांना काढण्याचा नाद लागला. कोणाची सीडी दोनशे एमबीची, कोणाची त्याहून छोटी. हेल्प काढली, भाषा काढल्या, प्रिंटची सर्व्हिससुद्धा काढली. मशीन पळायचं खरं, पण महिन्याने मालक प्रिंटर घेऊन यायचा आणि तो काही केल्या लागायचा नाही. बाजारात काळ्या रंगाच्या, ड्रॅगनच्या चित्राच्या, कसल्या कसल्या नावाच्या एक्सपी फिरू लागल्या आणि गिऱ्हाईक मागू लागलं, 'ती काळी विंडोज टाका ना.' आत कोणी काय घालून ठेवलंय हे बनवणाऱ्यालाच ठाऊक. माझ्या मते सीडीत भर घालावी, छाटू नये.

परवान्याचं न बोलता हा इतिहास पुरा होत नाही. तालुक्यातल्या असेंबल्ड मशीनवर बहुतेक विंडोज बिनपरवान्याच्या होत्या आणि ज्या सीड्यांचं मी वर्णन केलं त्यांतली कला या कामाला सर्रास जुंपली गेली. कॉपीराइट कायद्याच्या ६३बी कलमात असं सॉफ्टवेअर जाणूनबुजून वापरणाऱ्याला किमान सात दिवस कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड आहे. गावात ते कोणी वाचलेलं नव्हतं. कारखानेवाल्यांना मी स्टिकरवाली घ्यायला लावायचो, त्यांना बिल लागतं आणि तपासणीची भीतीही असते. शाळांना आणि पोरांना उबुंटू दाखवायचो. कॅनॉनिकल कंपनी त्या काळी मागेल त्याला सीडी घरपोच पाठवायची, एक पैसा न घेता. २०११ मध्ये त्यांनी ते बंद केलं तोवर ४२२१०३ या पिनकोडवर युरोपातून आलेली ती पुठ्ठ्याची पाकिटं आमच्या पोस्टमनला ओळखीची झाली होती. सीडॅकची बॉस लिनक्सही २००७ पासून होती, डेबियनवर बेतलेली, भारतीय भाषा आतच. तांत्रिकदृष्ट्या मी इतकी वर्षं चोरून-मारून जे करत होतो ते तिच्यात कायदेशीर करून दिलेलं. पण टॅली चालत नाही म्हटल्यावर बाजारपेठेत तिला उभं कोण करणार!

विंडोज ७ आली आणि काम हलकं झालं. मराठी मुळातच चालू, साटा ओळखीचा, प्रश्न थोडे. सोर्सेस फोल्डरातली ईआय डॉट सीएफजी उडवली की एकाच डीव्हीडीतून हवी ती आवृत्ती निवडता यायची, बेतण्याचं काम एवढ्यावर आलं. डीव्हीडीची जागा पेनड्राईव्हने घेतली, २०११ मध्ये बूट होणारा पेनड्राईव्ह बनवणारं रुफस आलं, आणि रायटर धूळ खात पडला. शेवटची मोठी कुस्ती २०१५ च्या सुमारास झाली. इंटेलच्या नव्या बोर्डांवर विंडोज ७ चा सेटअप उघडायचा, पण माऊस-कीबोर्ड मेलेले, कारण यूएसबी ३ चा ड्रायव्हर आत नाही. मग डिझम या हुकमाने बूट डॉट विम आणि इन्स्टॉल डॉट विम दोन्ही उघडून त्यांत तो घालायचा. पहिल्यात विसरला तर सेटअपमध्ये बाण हलत नाही, दुसऱ्यात विसरला तर सेटअप पार पडून पहिल्याच लॉगिनला हलत नाही. विंडोज १० नंतर तेही नको झालं. आता गिऱ्हाईक घरीच नेटवरून पेनड्राईव्ह बनवतं आणि बिघडलं तरच येतं.

एक्सपीचा पाठिंबा मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ ला थांबवला. मुसळगावच्या शेडमध्ये हे कोणी मनावर घेतलेलं नाही. तिथल्या काही जुन्या मशीनना जोडलेले पीसी अजून एक्सपीवर आहेत, एखादा ९८ वर. मशीन लाखोंचं, लोखंड ठणठणीत, पण त्याच्या कार्डाचा ड्रायव्हर एक्सपीपुढे कधी निघालाच नाही आणि परवान्याचं डोंगल प्रिंटरच्या जुन्या रुंद पोर्टात बसतं. वर्षातून दोन-तीनदा फोन येतो, हार्डडिस्क गेली. अशा पीसीला नेट जोडत नाहीत, म्हणून वर्मची भीती नाही, आणि अपडेटचा प्रश्नही नाही. लागते ती सीडी, २००८ च्या सर्व्हिस पॅक ३ सकट, त्या बोर्डाच्या ड्रायव्हरसकट, लँग्वेजग्रुप पंधरासकट, कारण ऑपरेटर जॉबची नावं मराठीत लिहितो. गेल्या खेपेला मालक म्हणाले, 'मशीन अजून वीस वर्षं ओढेल. तुझी सीडी किती ओढेल ते सांग.' मी त्यांना हार्डडिस्कच्या जागी ॲडॉप्टरवर सीएफ कार्ड बसवून दिलं, त्याच कार्डाची दुसरी प्रत कपाटात ठेवायला दिली, आणि सीडीचे पैसे लावले नाहीत.